वक्ता, श्रोता आणि हुंकार

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वक्तृत्व ही कला आहे, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. शूर शंभरांत एक, पंडित हजारांत एक आणि वक्ता दहा हजारांत एक, अशा अर्थाचे संस्कृत सुभाषित वक्तृत्व स्पर्धेच्या प्रास्ताविकात एकदा तरी येतेच. सुभाषित चांगले आहे. पण ज्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढली गेली, अशा माझ्यासारख्या विद्यार्थिनीला ते ऐकून धीर येत नाही. दहा हजारांतली ती एक आपण नक्कीच नाही, तेव्हा खाली बसलेले बरे, असेच मनात येते.

प्रस्तुत लेख त्या दहा हजारांतल्या एकाविषयी नाही. उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्याण्णवांपैकी कुणाला ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत किंवा आपल्याच वर्गात चार वाक्ये बोलण्याची वेळ आली, तर समोरच्या माणसांनी ती ऐकावीत म्हणून काय करावे, एवढाच येथे विचार केला आहे. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यात आणि महाराष्ट्रात ही विद्या शतकानुशतके चालत आलेली आहे. फक्त तिला आपण वक्तृत्व म्हणत नाही. गोंधळ म्हणतो, कीर्तन म्हणतो.

हुंकार म्हणजे काय?

खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने आजीकडून गोष्ट ऐकलेली असते. गोष्ट सांगण्यापूर्वी आजी एकच अट घालते : "हूं म्हणत राहायचं." नातवंडाचा हुंकार थांबला की आजीही थांबते. मूल झोपले असेल तर गोष्ट तेथेच संपते आणि जागे असेल तर ते गडबडीने "हूं" म्हणते. वरवर पाहता ही किरकोळ गंमत आहे. वस्तुतः वक्तृत्वाचे सारे शास्त्र तीत आहे. आजीला ठाऊक असते की गोष्ट एकटीने सांगता येत नाही. ती दोघांनी मिळून चालवायची असते. सांगणारीचा वाटा शब्दांचा, ऐकणाऱ्याचा हुंकाराचा. श्रोत्याकडचे हे काम काढून घेतले, की तो मोकळा होतो आणि मोकळे मन भटकायला लागते. हल्ली तर हात लगेच मोबाइलकडे जातो.

आपल्या स्पर्धांतील बरीचशी भाषणे येथेच फसतात. विषय अभ्यासलेला असतो, शब्द सुंदर असतात, हातवारे बसवलेले असतात. पण त्या भाषणात श्रोत्याला काही कामच दिलेले नसते. सभागृह रिकामे असते तरी ते भाषण तसेच झाले असते. जे भाषण रिकाम्या खुर्च्यांपुढेही जसेच्या तसे करता येते, ते भाषण नसून पाठांतर होय.

गोंधळ्याचा साथीदार

तुळजापूर आपल्या जिल्ह्यात असल्यामुळे गोंधळ आपल्याला नवा नाही. लग्नकार्यानंतर अंगणात चौक मांडला जातो, दिवटी पेटते, संबळ घुमते आणि तुणतुण्याची तार वाजू लागते. गोंधळ्यांमध्ये कदमराई आणि रेणुराई असे दोन प्रकार आहेत. तुळजाभवानीचे उपासक ते कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे उपासक ते रेणुराई. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवून केवळ बोलण्याची कला म्हणून गोंधळाकडे पाहिले, तर दोन गोष्टी विशेष लक्षात येतात.

पहिली गोष्ट आवाहनाची. गोंधळी आख्यानाला एकदम हात घालत नाही. आधी तो देवदेवतांना गोंधळाला येण्याचे निमंत्रण देतो. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, जेजुरी अशी ठिकाणे एकेक करून येतात आणि मग जवळपासच्या गावांची ग्रामदैवते येतात. मांडवात बसलेल्या प्रत्येक कुटुंबाचे कुलदैवत त्या यादीत कोठे ना कोठे असते. आपल्या दैवताचे नाव आले की म्हातारी माणसे हात जोडतात, पेंगणारा पाहुणा सरसावून बसतो. अर्ध्या घटकेत संपूर्ण मांडवाला वाटते की हा कार्यक्रम आपला आहे. आपण मात्र भाषणाच्या प्रारंभी काय करतो? "सन्माननीय व्यासपीठ" म्हणून व्यासपीठावरच्यांची नावे घेतो. समोर बसलेल्या दोनशे जणांचे नाव, गाव वा काम आपल्या तोंडी येतच नाही. निमंत्रण ज्यांना द्यायचे, त्यांच्याकडे पाठ फिरवूनच आपण सुरुवात करतो.

दुसरी गोष्ट साथीदाराची. मुख्य गोंधळी कथा सांगत असताना त्याचा साथीदार मध्येच अडवतो. कोण आले, कशाला आले, मग पुढे काय झाले, असे विचारतो. कधी मुद्दाम उलटेच समजतो आणि हशा पिकवतो. हा साथीदार खरे तर श्रोत्यांचा वकील आहे. जो प्रश्न मांडवातल्या माणसाच्या मनात आला पण ओठांवर आला नाही, तो त्याच्या वतीने साथीदार विचारतो. कथेतला अवघड भाग त्यामुळे दुसऱ्यांदा आणि सोप्या शब्दांत सांगितला जातो. शाहिराच्या मागे झील धरणारे आणि तमाशातला सोंगाड्या हेही याच घराण्यातले. लोककलेने वक्त्याला एकटे कधी सोडले नाही.

आपल्या भाषणात साथीदार कोठून आणायचा? तो आपणच व्हायचे. "आता तुम्ही म्हणाल, हे बोलायला सोपे आहे, पण पैसे कोण देणार?" असे एक वाक्य आपण श्रोत्यांच्या वतीने उच्चारले की समोरच्या चार माना हलतात. त्यांच्या मनातली शंका आपण त्यांच्या आधी बोलून दाखवलेली असते.

कीर्तनातील विसावा

कीर्तनाची रचना याहून शिस्तबद्ध आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखादे पद घेऊन त्यातील तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात तेच तत्त्व एखाद्या आख्यानातून दाखवले जाते. आधी विचार, मग त्याची गोष्ट. या दोहोंच्या मध्ये बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, नामाचा गजर होतो. हा केवळ सन्मानाचा विधी नाही. अर्धापाऊण तास विचार ऐकून थकलेल्या कानांना तो विसावा असतो. माणसे जागची हलतात, गळा मोकळा करतात आणि पुन्हा ताजेपणाने कथा ऐकायला बसतात.

वारकरी कीर्तनात आख्यानाला एवढे महत्त्व नसते. तेथे एका अभंगाचे चरणामागून चरण निरूपण चालते. परंतु बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात, मृदंग असतो. निरूपण एका टप्प्यावर आले की टाळकरी चरण उचलतात आणि समोरचा समाज त्यांच्या सुरात सूर मिसळतो. आपल्या जिल्ह्यातील तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचे गाव. तेथील सप्ताहात ज्याने रात्रीचे कीर्तन ऐकले असेल त्याला ठाऊक असेल की दीड-दोन तास जमिनीवर मांडी घालून बसलेली माणसे उठत नाहीत. दर काही मिनिटांनी त्यांच्याही हातांना आणि गळ्याला काम मिळत असते. त्याच माणसांना खुर्चीत बसवून वीस मिनिटांचे भाषण ऐकवले की ती घड्याळ पाहतात. माणसे बदललेली नसतात, केवळ त्यांच्याकडचे काम काढून घेतलेले असते.

गाडगेबाबांची प्रश्नावली

या परंपरेचा सर्वांत धाडसी उपयोग करणारा पुरुष म्हणजे संत गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली परीट समाजात जन्मलेले डेबूजी जानोरकर शाळेत शिकले नव्हते. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत अर्ध्या शतकाच्या भ्रमंतीत त्यांनी महाराष्ट्रातील गावोगाव कीर्तने केली. १९५६ च्या नोव्हेंबरात, म्हणजे निधनाच्या थोडेच दिवस आधी, मुंबईत बांद्रा येथील पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे. त्यामुळे आपल्यालाही ते ऐकता येते. वक्तृत्वाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते ऐकावे.

बाबांची सभा कीर्तनाच्या आधीच सुरू होत असे. गावात आल्यावर हातात खराटा घेऊन ते रस्ते झाडू लागत. दिवसभर हा चिंध्या पांघरलेला माणूस आपले गाव झाडतो आहे, हे गावकरी पाहत. काही जण लाजेने का होईना, त्यांच्याबरोबर झाडू लागत. रात्री हाच माणूस कीर्तनाला उभा राहिला, की स्वच्छतेवर वेगळे प्रवचन द्यावे लागत नसे. त्यांचा पहिला शब्द ऐकण्यापूर्वीच श्रोत्यांनी त्यांचा हात पाहिलेला असे.

आणि कीर्तनात काय? प्रश्नांमागून प्रश्न. तेही साधे, वऱ्हाडी बोलीत, ज्यांचे उत्तर अडाण्यातल्या अडाण्यालाही देता यावे असे. देव कोठे राहतो, तो कुणी पाहिला काय, त्याला नैवेद्य लागतो काय, बकरे मारून देव प्रसन्न कसा होईल, कर्ज काढून सण का करायचा. लोक उत्तर देत. त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. शेवटी लोक स्वतःच्याच तोंडाने अशा जागी येऊन पोहोचत की तेथून मागे फिरणे कठीण. निष्कर्ष बाबांनी सांगितलेला नसे, तो त्यांनी लोकांच्या मुखातून वदवून घेतलेला असे. वेळप्रसंगी घरातली भांडी विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलांना शिकवा, हा त्यांचा उपदेश प्रसिद्ध आहे. दुसऱ्याने सांगितलेले मत माणूस दारातच सोडून जातो, पण आपल्या तोंडून निघालेले उत्तर तो घरी घेऊन जातो. आमच्यासारख्यांच्या घरात पुस्तके आली, त्यामागे अशा किती कीर्तनांच्या रात्री असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

विषय कुणाचा?

येथवर आपण पद्धतीचा विचार केला. परंतु पद्धत कितीही चांगली असली तरी विषय श्रोत्यांचा नसेल तर हुंकार येत नाही. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली. वतनाचा प्रश्न बाबासाहेबांनी त्याआधी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयकाच्या रूपाने मांडला होता. विधिमंडळातला तो कायद्याचा विषय तडवळ्यात मात्र ऐकणाऱ्याच्या चुलीचा विषय होता. गावाची रात्रंदिवस कामे करायची आणि मोबदल्यात काय पदरात पडते, हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या घरावरून ठाऊक होते. त्या परिषदेची आठवण तेथील लोक आजही जपतात. श्रोत्याच्या दुःखाला ज्याने नाव दिले, त्याचे शब्द पिढ्यान्‌पिढ्या राहतात.

दुसरे उदाहरण अलीकडचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. पुनर्वसनाच्या काळात घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण यांची माहिती गावोगाव पोहोचवण्यासाठी महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून काम देण्यात आले. या स्त्रिया वक्त्या नव्हत्या. योजना लोकांना समजावून सांगायची आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत न्यायच्या, असे त्यांचे काम होते. 'संवाद' हा शब्द येथे किती नेमका आहे पाहा. भाषण एका दिशेने जाते, संवाद दोन्ही दिशांनी. ज्या बाईचे स्वतःचे घर हादरले होते, ती भिंतीविषयी बोलू लागली म्हणजे ऐकणारीला परकेपणा वाटण्याचे कारण उरत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिरात मी हाच अनुभव लहान प्रमाणात घेतला. पाण्यावर भाषणे चालली होती. जलसंवर्धन ही काळाची गरज असल्याचे तीन जणांनी सांगितले आणि पारावरची माणसे शांतपणे तंबाखू मळत राहिली. चौथ्या मुलाने उठून एवढेच विचारले, "बाबा, तुमच्या शिवारात बोअरला पाणी किती फुटांवर लागतं?" एका आजोबांनी आकडा सांगितला. शेजारच्याने तो खोडून काढला. तिसऱ्याने आपल्या वडिलांच्या वेळी विहीर किती हातांवर लागली होती ते सांगितले. पाच मिनिटांत पाराचे रूपांतर सभेत झाले. नंतर त्या मुलाने बांधबंदिस्तीविषयी जे दोन शब्द सांगितले, ते सर्वांनी ऐकले. विषय तोच होता, पण आता तो त्यांचा झाला होता.

शांत सभेचे काय?

येथे एक शंका निघेल. प्रत्येक सभेत प्रश्नोत्तरे शक्य नसतात. प्राचार्य शिवाजीराव भोसले यांचे उदाहरण घेऊ. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते आणि पुढे आपल्या मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हाती कागद न घेता ते तासभर बोलत आणि सभागृहात कुणी हालत नसे. तेथे हुंकार कोठे होता?

मला वाटते, तो होता. फक्त ऐकू येत नव्हता. थोर पुरुषांची चरित्रे हा त्यांचा आवडता प्रांत. चरित्र म्हणजे गोष्ट, आणि गोष्ट म्हटली की पुढे काय, हा प्रश्न श्रोत्याच्या मनात आपोआप उठतो. वाक्य संपल्यावर वक्ता जो क्षणभर थांबतो, तो या मूक हुंकारासाठीच. नवखा वक्ता त्या क्षणाला भितो. शांतता झाली म्हणजे आपण विसरलो असे लोकांना वाटेल, या धास्तीने तो एका श्वासात चार वाक्ये फेकतो. अनुभवी वक्ता मात्र त्या क्षणात समोरच्यांचे चेहरे वाचतो आणि पुढचे वाक्य ठरवतो.

विद्यार्थ्यांसाठी काही सूचना

वरील विवेचनावरून आपल्या उपयोगाच्या पुढील गोष्टी हाती लागतात.

१. सभेच्या ठिकाणी आधी पोहोचावे. कोण आले आहेत, कोठून आले आहेत, उन्हातून आले की कामावरून, हे पाहावे. दोघातिघांशी बोलावे. भाषणाचे पहिले वाक्य पुष्कळदा तेथेच सापडते.

२. आरंभी श्रोत्यांचे गाव, त्यांचे काम किंवा त्या दिवसाचा प्रसंग यांपैकी काहीतरी यावे. व्यासपीठाचा उल्लेख एका वाक्यात उरकावा.

३. पहिल्या दोन मिनिटांत एक प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर श्रोत्याच्या अनुभवात असावे, पुस्तकात नव्हे. प्रश्न विचारल्यावर थांबावे. मनात पाच अंक मोजावेत. आपणच घाईने उत्तर देऊन टाकले तर पुढच्या प्रश्नाला कुणी तोंड उघडणार नाही.

४. विचार आणि उदाहरण यांची जोडी सोडू नये. पूर्वरंगाला उत्तररंग हवाच.

५. दर सातआठ मिनिटांनी विसावा द्यावा. एखादा प्रसंग, थोडा विनोद, हात वर करायला सांगणे, काहीही चालेल.

६. भाषण शब्दशः पाठ करू नये. मुद्दे पाठ करावेत. पाठ केलेल्या वाक्यांत श्रोत्याचे उत्तर सामावून घ्यायला जागा नसते.

७. आपली बोली लपवू नये. "काय करायलास?" म्हणणारे आपण व्यासपीठावर चढताच पुस्तकी बोलू लागतो आणि निम्मे लक्ष शब्द सांभाळण्यातच जाते. प्रमाण भाषा अवश्य शिकावी, ती आपल्याला परीक्षेत आणि कचेरीत लागणार आहे. परंतु समोरचा माणूस ज्या भाषेत हुंकार देतो, त्या भाषेचा एखादा शब्द भाषणात आला तर भाषण बाटत नाही. गाडगेबाबा वऱ्हाडीतच बोलले आणि ते साऱ्या महाराष्ट्राला कळले.

टाळी आणि हुंकार

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. सभा ताब्यात घेण्याची विद्या दुधारी आहे. प्रश्न विचारून लोकांना विचार करायला लावता येते, तसेच लोकांकडून ठराविक उत्तर ओरडून घेऊन त्यांचा विचार बंदही पाडता येतो. "सांगा, खरे की खोटे?" असे गर्जून विचारले आणि हजार कंठांनी "खरे!" म्हटले, तर तो हुंकार नव्हे. ज्या प्रश्नाला एकच उत्तर देण्याची मुभा आहे, तो प्रश्नच नव्हे. खरा प्रश्न विचारणाऱ्याने अनपेक्षित उत्तर ऐकण्याची तयारी ठेवली पाहिजे. पारावरच्या आजोबांनी "बोअर कोरडाच गेला" असे सांगितले असते तर भाषणाला तेथून वळावे लागले असते.

टाळी वक्त्याला मिळते, हुंकार विषयाला मिळतो. टाळीबरोबर सभा संपते, तर हुंकार दिलेला माणूस घरी जाताना शेजाऱ्याशी त्याच विषयावर बोलत जातो. आपल्या स्पर्धांत परीक्षक टाळ्यांचा विचार करतात. श्रोत्यांनी नंतर काय विचारले, यालाही काही गुण ठेवता आले तर किती बरे होईल!

समारोप

शेवटी, हे सारे कशासाठी? बक्षिसाची ढाल घरी आणण्यासाठी असेल तर एवढा खटाटोप नको. या मातीत बोलणे कधी स्वस्त नव्हते. निजामी राजवटीत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाने जाहीर सभेला सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक केली होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, तेव्हा इतर स्वातंत्र्यांबरोबर चारचौघांत उभे राहून बोलण्याचे स्वातंत्र्यही आपल्या आजोबा-पणजोबांना मिळाले.

आज कायद्याने ग्रामसभा आहे. तिच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. तरीही आमच्या गावच्या ग्रामसभेत नेहमीचेच चार जण बोलतात आणि माझ्या आईसारख्या बाया भिंतीला टेकून, डोक्यावरचा पदर सावरत ऐकतात. पाण्याचा टँकर कोणत्या गल्लीत थांबत नाही हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. पण त्यांना विचारणारा वक्ताच नाही. त्यांच्याजवळ शब्द नाहीत असे नव्हे. रानात खुरपताना, जात्यावर, दारात बसून त्या किती रंगवून बोलतात! फक्त त्यांच्या बोलण्याला सभेत कुणी जागा करून दिलेली नाही.

ती जागा करून देणे हे आपले, म्हणजे महाविद्यालयात शिकणाऱ्यांचे काम आहे. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेला आपण गावी असाल तर मोठे भाषण करू नका. उभे राहा, मागच्या रांगेकडे वळा आणि एक साधा प्रश्न विचारा. मग थांबा. पहिला हुंकार यायला वेळ लागेल. तोवर मध्ये बोलू नका.